आजीची अफू, बापाची गोळी, नातवाचे सिरप

विहारात व्यसनमुक्तीवर बैठक झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमच्या काळी असं नव्हतं." बोलणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. त्यांचा रोख दारूवर नसतो, कारण दारू त्यांच्या काळीही होती. ते बोलत असतात गुंगीच्या गोळ्यांबद्दल, पोरांच्या खिशात सापडणाऱ्या कॅप्सूलबद्दल, खोकला नसताना रिकाम्या होणाऱ्या खोकल्याच्या बाटल्यांबद्दल. मग पोरे बिघडली, संस्कार कमी पडले, मोबाइल आला अशी कारणे सांगून होतात आणि बैठक संपते.

राजुऱ्याच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला वेगळेच दिसते. ही नशा त्यांच्या काळीही होती. आजीच्या पिढीत ती एका दाराने घरात आली, बापाच्या पिढीत दुसऱ्या आणि नातवाच्या पिढीत तिसऱ्या. आपण अजून जुन्याच दाराला कडी लावून बसलो आहोत, म्हणून नव्या दाराने काय आत आले ते आपल्याला उशिरा कळते.

कूळ एकच

आधी हे कूळ समजून घेऊ. अफूच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. तो सुकला की अफू होते. याच बोंडातली पिकलेली बी म्हणजे आपल्या स्वयंपाकातली खसखस. स्वयंपाकातल्या खसखशीने कोणाला व्यसन लागत नाही, नशा चिकात असते. भारतात अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतच, सरकारी परवान्यावर होते.

अफूपासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन बनते. त्याचाच भेसळीचा प्रकार म्हणजे ब्राऊन शुगर किंवा गर्द. ट्रमाडॉल आणि टॅपेंटाडॉल या गोळ्या कारखान्यात तयार होतात. त्यांत अफूचा थेंब नसतो, पण मेंदूत त्या अफू जिथे बसते तिथेच जाऊन बसतात. म्हणून या सगळ्यांना आम्ही अफूच्या कुळातली औषधे म्हणतो. दुखणे कमी करणे, झोप आणणे, थोडा वेळ मन हलके करणे आणि श्वास मंद करणे हे या कुळाचे काम. रोज घेतल्यावर शरीराला त्यांची सवय लागते, हाही कुळाचाच गुण.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयाच्या दर शंभर माणसांत साधारण दोघे या कुळातले काही ना काही घेतात, असे त्यात आढळले. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधाच्या गोळ्या, सिरप वगैरे घेणारे ०.९६ टक्के आणि अफू घेणारे ०.५२ टक्के. या नशेमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत आपला महाराष्ट्रही आहे. म्हणजे हा फक्त पंजाबचा प्रश्न नाही.

आजीचे दार : बाळाची झोप

आता आजी-पणजीच्या काळात जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत बाया दहा-दहा तास राबत. तान्हे लेकरू घरी कोणापाशी ठेवायचे? त्यावर एक उपाय रूढ झाला होता. कामावर निघताना बाळाला अफूची बारीक गोळी चाटवायची. बाजारात तिला 'बाळागोळी' म्हणत. बाळ दिवसभर पडून राही. १९२२ मध्ये मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या परिस्थितीची चौकशी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडे दिली. कारखान्यांत काम करणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहून ठेवले. शंभरातली अठ्ठ्याण्णव लेकरे!

त्या बायांना आज कोणी बेपर्वा म्हटले तर आम्हाला पटत नाही. बाळंतपणाची रजा नव्हती, पाळणाघर नव्हते, एक खाडा झाला की मजुरी जात होती. अफू बाळाच्या पोटात जात होती, पण तिची गरज मालकाच्या घड्याळाने निर्माण केली होती.

म्हणून बाबासाहेबांचे एक काम आरोग्याच्या पानावर आठवायला हवे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या हक्काचा कायदाही त्यांनी सुधारून घेतला. आई काही आठवडे बाळाजवळ राहिली की बाळाला गुंगी द्यायची गरजच उरत नाही. नुसत्या उपदेशापेक्षा हे व्यसनमुक्तीचे काम मोठे होते.

मोठ्या माणसांची गोष्टही याहून फार वेगळी नव्हती. सांधे दुखतात, हगवण लागली आहे, खोकला थांबत नाही, म्हणून हरभऱ्याएवढी अफू घेत. वैद्य लांब, दवाखाना त्याहून लांब. सरकारी परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळे. खाण्यासाठी अफू विकण्याची ही पद्धत टप्प्याटप्प्याने कमी करत ३१ मार्च १९५९ पर्यंत बंद करायचे धोरण देशात ठरले होते. पुढे १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. आजीचे दार असे बंद झाले.

तरी एक सूचना. आजही कोणी म्हातारी "बाळ झोपत नाही, गुटीत थोडी अफू उगाळ" असे म्हणाली तर हात जोडून नाही म्हणा. अफूने बाळाचा श्वास मंदावतो. गुंगीतले बाळ भूक लागली तरी रडत नाही, दूध मागत नाही आणि सुकत जाते. खोकल्याचे मोठ्यांचे औषध चमचाभर पाजून बाळाला झोपवणे हेही तेवढेच घातक आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, गुटीसुद्धा नको.

काकाचे दार : शहरातला धूर

मधल्या पिढीचे दार शहरात उघडले. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत आणि मग पुण्यात गर्द पसरली. गिरण्यांचा संप १९८२ मध्ये सुरू झाला होता. हाताला काम नाही आणि नाक्यावर पुडी स्वस्त, अशी ती वेळ. गावातून कामाला गेलेले कितीतरी काका-मामा चांदीच्या कागदावरचा धूर ओढायला शिकले. इथे सुरुवात दुखण्याने झाली नाही, सोबत्याने झाली. "एकदा ओढून तर पाहा" एवढ्यावर झाली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते याच लाटेत.

व्यसनी माणसाचे जे चित्र आपल्या डोक्यात बसले आहे ते याच काळातले. खंगलेला, डोळे खोल गेलेला, घरातली भांडी विकणारा तरुण. हे चित्र खोटे नाही. पण तेवढेच एक चित्र धरून बसलो की पुढच्या दाराने आत येणारी आपलीच बहीण ओळखू येत नाही.

बापाचे दार : दुखण्याची गोळी

आता आपल्या तालुक्यात येऊ. सास्ती, गोवरीच्या कोळसा खाणी, गडचांदूर, आवारपूरकडचे सिमेंट कारखाने, रस्त्यावर रात्रंदिवस धावणारे ट्रक, कापसाची वेचणी, धानाची रोवणी आणि हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जाणे. आपल्या घरांतले बहुतेक पोट अंगमेहनतीवर चालते. कंबर, गुडघे, मान आणि खांदे चाळिशीच्या आतच बोलायला लागतात.

अशा वेळी माणूस काय करतो? एक दिवस दवाखान्यात घालवणे म्हणजे एक रोजी बुडवणे. म्हणून तो मेडिकलमध्ये जातो आणि "दुखण्याची गोळी द्या, जरा पावरवाली" म्हणतो. किंवा गावात बॅग घेऊन फिरणाऱ्या, पदवी नसलेल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतो. कधी ती साधी पॅरासिटामॉल असते, कधी पोट आणि किडनी बिघडवणारी दुसरी वेदनाशामक असते, तर कधी ट्रमाडॉल असते. गोळीचे नाव त्याला कोणी सांगत नाही, तोही विचारत नाही. आराम मात्र पडतो. नुसते दुखणे थांबत नाही, अंगात हुशारी आल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी काम होते. म्हणून तिसऱ्या दिवशीही गोळी घेतली जाते.

काही आठवड्यांनी शरीर बदलते. जी एक गोळी पुरत होती तिथे दोन लागतात. एक दिवस चुकली तर नाक वाहते, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, हाडे मोडल्यासारखी दुखतात, रात्रभर डोळा लागत नाही. आम्हाला भेटणाऱ्या बाया म्हणतात, "बाई, गोयी नाही घेतली त हातपाय मोडल्यासारखे होते." त्यांना वाटते मूळचे दुखणे वाढले. खरे तर बऱ्याचदा ते गोळी सुटल्याचे दुखणे असते आणि गोळी घेतल्यावर तेच दुखणे थांबते. असा हा फास आहे.

ही बाई स्वतःला व्यसनी समजत नाही. घरचेही समजत नाहीत. ती दारू पीत नाही, खर्रा खात नाही, पौर्णिमेला पांढरे पातळ नेसून विहारात येते. गोळी तिच्यासाठी औषध आहे आणि सुरुवातीला ती औषधच होती. पण दिवसाला आठ-दहा गोळ्यांवर गेलेल्या माणसाला अचानक आकडी येते तेव्हा घर हादरते. ट्रमाडॉल जास्त झाली की फिट येऊ शकते. गोळीवर दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो.

सरकारने या दारावर पहारा बसवायचा प्रयत्न केला आहे. पूर्वी प्रोपॉक्सिफेन असलेली निळी कॅप्सूल पोटदुखीसाठी सर्रास मिळे आणि नशेसाठीही वापरली जाई. २०१३ मध्ये केंद्र सरकारने त्या औषधावर बंदी आणली. १ मार्च २०१४ पासून ट्रमाडॉल, कोडीन, पेंटाझोसीन अशी औषधे 'एच-वन' या यादीत आली. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि दुकानदाराने रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव आणि गोळ्यांची संख्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. एप्रिल २०१८ मध्ये ट्रमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आली. कायदा कागदावर आहे. तो आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचवणे हे आपलेही काम आहे.

नातवाचे दार : बाटली आणि डबा

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे काही मोडलेले नसते. तरी तो या कुळाकडे जातो. आम्हाला वस्तीतल्या मुलांशी बोलताना तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट मित्रांची. कोडीनचे खोकल्याचे सिरप थंड पेयात मिसळून घेणे. ते गोड लागते, तोंडाला वास येत नाही आणि घरी बाटली सापडली तर "खोकला झाला होता" म्हणता येते. दुसरी वाट सरावाची. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांच्या पिंढऱ्या भरून येतात, नडग्या दुखतात. मैदानावरचाच कोणी मोठा मुलगा गोळी देतो. ती घेतली की दुखणे कळत नाही आणि मुलगा दुखऱ्या पायानेच पळत राहतो. तिसरी वाट घरातल्या डब्याची. बाबांच्या कमरेच्या गोळ्या, आजीच्या ऑपरेशननंतर उरलेली पाकिटे एका प्लास्टिकच्या डब्यात पडलेली असतात. मुलाला त्या कोणी विकल्या नाहीत. त्या त्याच्या घरातच होत्या. बापाचे दार आणि नातवाचे दार इथे एकमेकांना जोडले जाते.

मुले घेतात ते सगळेच या कुळातले नसते, हेही लक्षात ठेवा. झोपेच्या गोळ्या, गांजा, पंक्चरचे सोल्युशन यांचे धोके वेगळे आणि त्यांचे उपचारही वेगळे. म्हणून मुलाला मारण्याआधी त्याने काय घेतले ते समजून घ्या. डॉक्टरला तेच सांगावे लागणार आहे.

इथेही कायदा मागून पळतो आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने ज्या १४ मिश्र औषधांवर बंदी आणली त्यांत कोडीनच्या एका खोकल्याच्या मिश्रणाचाही समावेश होता. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी आपल्याच महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे उघड झाल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने तिचे उत्पादन आणि निर्यात थांबवली. तिकडे ती घेणारे आपल्यासारख्याच गरीब वस्त्यांमधले तरुण होते.

अमेरिकेने उशिरा पाहिले

दार बदलते ही गोष्ट फक्त आपली नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील थिओडोर सिसेरो यांनी उपचारासाठी आलेल्या हेरॉइनच्या रुग्णांना विचारले, "या कुळातली पहिली नशा कोणती केली?" त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० नंतरच्या दशकात सुरुवात करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची सुरुवात थेट हेरॉइनने झाली होती. २००० नंतर सुरुवात करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांची सुरुवात डॉक्टरी गोळ्यांनी झाली होती. चाळीस वर्षांत दार रस्त्यावरून औषधाच्या कपाटात आले. तिथली यंत्रणा बराच काळ रस्त्यावरच पहारा देत राहिली आणि लाखो माणसे मेली. आपल्याकडे तेवढी वेळ आलेली नाही. येऊ नये यासाठीच हा लेख आहे.

सिकलसेलच्या घरांसाठी खास

इथपर्यंत वाचून कोणी ठरवेल की या कुळातली एकही गोळी घरात नको. थांबा. या निर्णयाने आपल्याच लेकरांचे हाल होतील.

चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी आणि बौद्ध घरांमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, छातीत, पोटात जी कळ उठते ती पाहणाऱ्याला समजत नाही. अशा कळेत साध्या गोळीने भागले नाही तर डॉक्टर या कुळातले औषध देतात आणि ते बरोबर असते. तरीही असे होते की कळ आलेली मुलगी कण्हत असते आणि घरचे म्हणतात, "सुई नको, सवय लागेल." दवाखान्यातही कधी कधी कोणी म्हणते, "हा तर सुईसाठीच येतो." हे दोन्ही अन्याय आहेत.

वेदना थांबवणे हा रुग्णाचा हक्क आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती याचसाठी. कॅन्सरसारख्या आजारात मॉर्फिन मिळणे त्यामुळे सोपे व्हावे, असा तिचा हेतू आहे. कळ असताना, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या दिवसांपुरते घेतलेले औषध म्हणजे व्यसन नाही. कळ ओसरल्यावरही ते चालू राहिले, स्वतःच मात्रा वाढवली, दुखण्याऐवजी मन हलके करायला घेतले, तर सावध व्हायला हवे. बारा वर्षांखालील मुलांना ट्रमाडॉल आणि कोडीन देऊ नये. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध ठरवतात.

आणि कळ येऊच नये याची काळजी जास्त मोलाची. पाणी भरपूर, थंडीपासून बचाव, अतिश्रम टाळणे, ताप आला की लगेच दवाखाना, आणि डॉक्टरने दिले असल्यास हायड्रॉक्सियुरिया न चुकवता. हायड्रॉक्सियुरियाने कळा कमी होतात आणि त्याची सवय लागत नाही. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे यांतले काहीही दिसले तर घरी गोळीवर वेळ काढू नका.

पाचवे शील आणि लाज

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी तिथे किंवा नागपुरात २२ प्रतिज्ञा घेतल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. या जिल्ह्यातल्या बायांनी ती रस्त्यावर उतरून जगली. त्यांच्या लढ्यातून १ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ मध्ये ती उठवली गेली, तरी बायांचा तो अभिमान कायम आहे.

पण दारूशी लढताना आपण वासावर विसंबायला शिकलो. गोळीला वास नाही. ती घेणारा झुलत नाही, ओरडत नाही, उलट पहिले काही महिने जास्त काम करतो. आणि जेव्हा घराला कळते, तेव्हा शील मोडल्याची लाज आडवी येते. "आपण बौद्ध, आपल्यात असं होत नाही" म्हणत घर सहा महिने, वर्ष लपवते. उपचाराची सोपी वेळ त्यातच निघून जाते.

आम्हाला समजले त्याप्रमाणे पाचवे शील बेसावधपणापासून वाचवण्यासाठी आहे. कळेत तळमळणाऱ्याला औषध घेताना अपराधी वाटावे यासाठी ते नाही, आणि अडकलेल्याला विहाराबाहेर काढण्यासाठीही नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या मदतीने स्वतः धुऊन काढले, ही विनयातली कथा आपण दरवर्षी ऐकतो. भगवंतांनी त्याची सेवा आधी केली, आणि त्याची सेवा का केली नाही असे भिक्खूसंघाला नंतर विचारले.

आता करायचे काय?

घरातला औषधाचा डबा आजच उघडा. पाकिटावर लाल रंगात 'आरएक्स' असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नाही. त्याआधी 'एन' जोडून 'एनआरएक्स' असेल तर ते अमली पदार्थांच्या कायद्यातले औषध आहे. ट्रमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, पेंटाझोसीन ही चार नावे इंग्रजी वाचणाऱ्या मुलाकडून किंवा आशाताईकडून वाचून घ्या. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा किंवा दवाखान्यात नेऊन नष्ट करायला द्या. शेजारणीला देऊ नका.

डॉक्टरला तीन प्रश्न विचारा : ही गोळी कोणती, किती दिवस घ्यायची, आणि सवय लागणारी आहे का? मेडिकलमधून बिल मागा. मुलांना चिठ्ठीशिवाय असे औषध मिळत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. एकट्याने करू नका, महिला मंडळाच्या नावाने करा.

कोणी महिनोन्महिने घेत असेल तर एका झटक्यात बंद करायला लावू नका, कोंडून ठेवू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, गरज असेल तर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देऊन तलफ सांभाळतात. गरोदर बाईने तर स्वतःहून अचानक थांबवूच नये, पोटातल्या बाळाला धोका होतो. राजुऱ्याच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवा, पुढे चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६, दोन्ही फोन मोफत आहेत.

पोलिसांची भीती अनेकांना थांबवते. जवळ थोड्या प्रमाणात नशेचा पदार्थ सापडलेल्या किंवा नशा करणाऱ्या व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन करा. त्याला एका कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, लिंबू, कांदा काही घालू नका, एकटे सोडू नका. काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगा. नॅलोक्सोन नावाची उताऱ्याची सुई असते, ती वेळेत मिळाली तर जीव वाचतो. केंद्रातून बरा होऊन आलेल्याला हा धोका सर्वांत जास्त असतो. शरीराची सवय सुटलेली असते आणि तो जुन्याच मात्रेने पुन्हा घेतो. म्हणून घरी आलेल्याला टोमणे मारून एकटे पाडू नका.

वर्षावासात विहारात रोज वाचन होते. त्या तीन महिन्यांतली एक संध्याकाळ या विषयाला द्या. त्या दिवशी सगळ्यांनी आपापला औषधाचा डबा घेऊन यावा, आशाताई किंवा नर्सला बोलवावे आणि एकेक पाकीट वाचावे. कोणाच्या डब्यात काय निघाले यावर कुजबुज करू नये. कंबर कशाने दुखते, खाणीत, शेतात, ट्रकवर वजन किती उचलावे लागते, यावरही त्याच संध्याकाळी बोलावे. कंबरेचे ओझे आणि कामाचे तास जिथे ठरतात तिथे मागणी नेली नाही, तर एक गोळी बंद होईल आणि दुसरी येईल. आजीच्या काळात अफूची दुकाने बंद झाली, पण राबणे तसेच राहिले, म्हणून नवे दार उघडले. आपल्या नातवंडांच्या पिढीत ते पुन्हा होऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.